काचेचे मणी हाताने घडवायच्या पद्धती: खान्देशात कुणी करतंय का?

काचवेडी, अमळनेर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी गळ्यातल्या पोती, माळा, कानातली करून विकते. मणी आजवर तयारच आणत आले, काही मुंबईच्या भुलेश्वरहून, बाकी ऑनलाइन. दिवाळीआधी 'हॅण्डमेड' म्हणून जरा महागाचे काचेचे मणी मागवले. आत फूल, वर ठिपके, बघतच राहावं असे. त्यातले बरेच थंडी पडल्यावर डबीतल्या डबीत तडकले. ना पडले, ना कुणी हात लावला. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं, "मॅडम, काच आहे, फुटणारच."

तेव्हापासून डोक्यात बसलंय की हे आपल्यालाच करता येईल का. पण शोधायला गेलं की गोंधळ होतो. कुणी टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर, मणी करतंय, कुणी भट्टीत साचे लावतंय, कुणी काचेची नळी ओढून कापतंय. माझ्याकडे मागच्या दारी पत्र्याची शेड आहे आणि वीजही आहे, म्हणजे असते तेव्हा. सुरुवात कुठून करू? आणि हात न लावता मणी तडकतो तरी का?

पटवेकर_धुळे | सोमवार, रात्री १०.१५

ताई, मणी करणं माझ्या बापजन्मात जमलेलं नाही, पण ओवायचं काम घरात पिढ्यान् पिढ्या आहे. तेव्हा ओवणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी.

गिऱ्हाईक रंग बघतं, आम्ही भोक बघतो. भोकाच्या तोंडाला धार असली की रेशीम असो, नायलॉन असो, काही महिन्यांत दोरा कातरला जातो आणि माणूस भांडायला आमच्याकडे येतो, मणीवाल्याकडे नाही. माझी तपासायची रीत साधी आहे. सुती दोऱ्याचा एकच पदर भोकातून चारदोन वेळा मागेपुढे ओढायचा. दोऱ्याला लव सुटली की मणी बाद. नखाने किंवा सुईने धार कळत नाही, दोऱ्यालाच कळते.

दुसरं म्हणजे आतली पांढरी माती. हातच्या मण्यांत बऱ्याचदा ती तशीच राहते. घामात भिजली की तिचा चिखल होतो, दोरा मळतो आणि आतून घासला जातो. तुम्ही करायला लागलात तर एवढं तरी साफ करून द्या, ओवणारे दुवा देतील.

भरीतप्रेमी | सोमवार, रात्री १०.२२

आठे मे महिनामा सावलीमा ४५ डिग्री ऱ्हास. त्यामा टॉर्च पेटाडीसन बसाले जिगर लागस ताई! धागा भारी शे, चालू द्या.

शिरपूरची_लेक (सध्या पुणे) | मंगळवार, सकाळी ७.०५

काचवेडीताई, तुमचे तडकलेले मणी बहुतेक लॅम्पवर्कचे असणार. मी तेच करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पूर्वी तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर फुंकर मारून हे काम चालायचं, म्हणून लॅम्पवर्क. आता गॅस आणि ऑक्सिजनचा टॉर्च असतो. तो टेबलाला पक्का बसवलेला, ज्योत तुमच्यापासून पलीकडे. एका हातात काचकांडी, दुसऱ्या हातात स्टेनलेस स्टीलची तार. या तारेला मँड्रेल म्हणतात. तिच्या टोकाला चिनी माती आणि ॲल्युमिना यांचा पातळ लेप देऊन सुकवायचा. हा लेप नसेल तर काच तारेला कायमची चिकटते. पटवेकर दादा म्हणतात ती पांढरी माती हीच.

कांडी एकदम ज्योतीत घातली तर टोकाचे तुकडे टणाटण उडतात. आधी ज्योतीच्या लांबच्या टोकाला, आतबाहेर करत तापवायची. टोक केशरी होऊन मधासारखं ओघळायला लागलं की तोवर तारही लाल झालेली हवी. गार तारेवर गरम काच टेकवली तर लेप सुटतो, लेप सुटला की मणी तारेवर गरगर फिरायला लागतो आणि मग त्याचं काही होत नाही. काच टेकवायची आणि तार स्वतःपासून दूर अशी फिरवायची. काच तारेवर गुंडाळत जाते. पुरेशी झाली की ज्योतीत कांडी वितळवून तोडायची. आणि तार फिरवत राहायचं. थांबलात की मणी एका बाजूला लोंबला. काच वितळलेली असताना गोल व्हायलाच बघते, तुम्ही फक्त सगळ्या बाजूंनी सारखी आच द्यायची.

आता भोकाच्या धारेबद्दल. मण्याच्या दोन्ही टोकांना काच तारेकडे आत वळून खळगा पडला पाहिजे. पायाला काच रुंद पसरली आणि वर पुरेशी चढवली नाही, तर टोकं बाहेर चोचीसारखी राहतात. तीच तुमची धार. उपाय म्हणजे पाया अरुंद ठेवा आणि त्यावर काच जास्त चढवा. पृष्ठताण कडा आपोआप आत ओढून घेतो. धार राहिलीच तर हिऱ्याच्या कानशीने पाण्याखाली घासता येते, पण मला विचाराल तर असा मणी मी विकत नाही.

ठिपके, डोळे, फुलं हे पुढचं. बारीक काचतारा आधी ओढून ठेवतात आणि त्यांनी टिंब देतात. पांढऱ्यावर निळा, निळ्यावर काळा असे टिंबावर टिंब दिले की डोळा झाला. गरम असताना टिंबातून सुई ओढली की पानाचा किंवा हृदयाचा आकार येतो. वरून पारदर्शक काच चढवली की फूल आत गेल्यासारखं दिसतं.

भारतात हे काम वाराणसीत मोठ्या प्रमाणावर चालतं. तिथल्या काचमण्यांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे.

काचवेडी | मंगळवार, सकाळी ७.३०

ताई, पोळ्या करताकरता वाचलं, एक पोळी करपली. खूप आभार! पण तडकण्याचं राहिलं की.

केमिस्ट्रीवाले_सर, जळगाव | मंगळवार, दुपारी १.५०

ते माझ्याकडे द्या. मधली सुट्टी आहे.

मणी ज्योतीबाहेर आला की वरची साल आधी गार होऊन घट्ट होते. पोट अजून गरम असतं. पोट नंतर गार होताना आकसू पाहतं, पण साल आधीच घट्ट झालेली, ती आकसू देत नाही. ही ओढाताण काचेत कोंडून राहते. बाहेरून मणी ठणठणीत दिसतो. मग एखादा ओरखडा, हिवाळ्यातली गार रात्र, असं निमित्त मिळालं की टच. हा ताण घालवण्यासाठी मणी गरम असतानाच भट्टीत टाकायचा, काचेतला ताण सैल होईल एवढ्या तापमानाला काही वेळ धरायचा आणि मग हळूहळू निववायचा. याला ॲनीलिंग म्हणतात. इटलीतल्या मुरानोच्या किंवा तशा मऊ सोडा-लाइम कांड्यांना साधारण ५१० ते ५२० अंश सेल्सिअस, बोरोसिलिकेटला, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतल्या काचेला, साधारण ५६५ अंश. लहान मण्याला अर्धा तास पुरे, नंतरचं उतरणं मात्र सावकाश, विशेषतः पहिले शंभरेक अंश.

काही लोक मणी राखेत किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये (ऊब धरणारं हलकं, फुगीर खनिज) खुपसून ठेवतात. त्याने मणी एकदम गार होऊन त्याच क्षणी फुटत नाही, एवढंच. राख तापमान धरून ठेवत नाही, ताण राहतोच. चांगली गोष्ट अशी की ॲनीलिंग नंतरही करता येतं. गार मणी भट्टीत ठेवा, हळूहळू वर न्या, धरा, उतरवा. तुमचे उरलेले मणी यातून वाचू शकतात.

पण दुसरं कारण असेल तर वाचणार नाहीत. दोन रंगांच्या काचा वेगवेगळ्या प्रमाणात आकसणाऱ्या असतील, तर कितीही निववा, त्यांच्यातली ओढाताण सुटत नाही. म्हणून कांड्यांवर १०४, ९६, ९०, ३३ असे आकडे असतात. तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचं हे माप. १०४ आणि ९० एका मण्यात घालू नयेत. ३३ म्हणजे बोरोसिलिकेट, तिचा तर कारभारच वेगळा. तडा ठिपक्याच्या कडेकडेने गेला असेल तर संशय काचांवर, भोकापासून आरपार गेला असेल तर संशय ॲनीलिंगवर.

काचवेडी | मंगळवार, दुपारी २.१५

सर, आत्ता बघितले. बहुतेक आरपार गेलेत. दोनतीन फुलाभोवती गोल तडकलेत.

केमिस्ट्रीवाले_सर, जळगाव | मंगळवार, दुपारी २.२०

म्हणजे विकणाऱ्याने दोन्ही पापं केली आहेत.

घरच्या घरी ताण बघायचा असेल तर एक गंमत. लॅपटॉपच्या स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यासमोर धरून फिरवा, एका कोनात स्क्रीन काळा होतो. त्या कोनात गॉगल स्थिर ठेवा आणि मधे पारदर्शक मणी धरा. काळ्या पडद्यावर मण्यात उजेडाचे पट्टे दिसले की आत ताण आहे. मणी गोल असल्याने उजेड वाकतो, नीट दिसत नाही. तो काचेच्या छोट्या वाटीत गोडेतेलात बुडवला की बराच स्वच्छ दिसतो. वाटी काचेचीच घ्या, प्लॅस्टिकच्या वाटीत स्वतःचेच ताण भरलेले असतात आणि भलतंच इंद्रधनुष्य दिसतं. तेल लॅपटॉपवर सांडलं तर मी जबाबदार नाही.

स्वस्तमस्त | मंगळवार, सायंकाळी ६.०१

एवढा कुटाणा कशाला? कारखान्याचे मणी किलोवर मिळतात. सगळे सारखे, भोक सारखं, रंग सारखा. हाताने करून तुम्हाला रोजगार तरी पडेल का?

पटवेकर_धुळे | मंगळवार, सायंकाळी ६.४०

काळ्या पोतीला कारखान्याचेच मणी घ्यावेत, त्यात वाद नाही. शेकडो मणी एकसारखे लागतात, ते टॉर्चवर एकेक करत कोण बसणार. पण पेंडंटला, माळेच्या मधल्या मण्याला हातचा मणी लागतो आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देतं. माझ्याच दुकानातलं सांगतोय.

सातपुडा_पायथा, शहादा | मंगळवार, रात्री ८.३०

आमच्याकडे होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात जाऊन बघा. पावरा-भिल्ल बायकांच्या गळ्यात बारीक मण्यांच्या विणलेल्या गळसऱ्या असतात. रंगांची जोडणी बघून भल्याभल्या डिझायनरने मान खाली घालावी. आता त्यात प्लॅस्टिक घुसलंय, पण जुन्या बायका मणी गालाला लावून बघतात. काच गार लागते, प्लॅस्टिक नाही.

आणि मोठे मणी हवे असतील तर पोळ्याच्या बाजारात. बैलांच्या गळ्यातल्या माळांचे ओबडधोबड जाड मणी, भोक बोट जाईल एवढं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांनाही निळे मणी बांधतात, दृष्ट लागू नये म्हणून. मला ते आवडतात, त्या नाजूक फुलवाल्यांपेक्षा जास्त. ते कसे करत असतील?

शिरपूरची_लेक (सध्या पुणे) | मंगळवार, रात्री ९.१०

तेही गुंडाळलेलेच, फक्त टॉर्चवर नाही, भट्टीवर. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यात पुरदिलनगर आहे, तिथे हे काम पिढीजात चालतं. भट्टीत काच वितळलेली असते. कारागीर एका सळईने काच उचलून दुसऱ्या निमुळत्या सळईवर गुंडाळतो, चपट्या अवजाराने थापटून घाट देतो आणि ठोका मारून मणी पाडतो. सळई निमुळती असल्याने भोक एका बाजूला मोठं, दुसऱ्या बाजूला लहान. तुमच्या पोळ्याच्या माळेतला मणी उभा धरून बघा.

चाळीसगावकर | बुधवार, सकाळी ६.२०

विषय निघालाच आहे तर आपल्या भागाचं मोठेपण सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीजवळ पाटणे आहे. तिथे १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. कवचाचा तुकडा, मधे कोरलेलं भोक. काच त्यानंतर कित्येक हजार वर्षांनी आली. म्हणजे खान्देशात मणी करायला कुणी बाहेरून शिकवायला यायची गरज नाही, असं मी आमच्या गावात सांगत असतो. लोक हसतात.

आता काचेकडे. सातवाहनांच्या काळात महाराष्ट्रात काचेचे मणी भरपूर होते. नेवासे, पैठण, तेर, कोल्हापूरचं ब्रह्मपुरी इथल्या उत्खननांत ते मिळाले आहेत. यातले बारीक एकरंगी मणी बघितले की ते शिरपूरच्या ताईंच्या गुंडाळायच्या पद्धतीचे नाहीत हे भिंगाखाली लगेच कळतं. गुंडाळलेल्या मण्यात आतले बुडबुडे आणि रेघा भोकाभोवती गोल फिरतात. ओढलेल्या मण्यात त्या भोकाच्या दिशेने लांबट ताणलेल्या असतात. दहा रुपयांचं भिंग घेऊन आजीच्या पेटीतले मणी तपासा, दुपार कशी जाते कळणार नाही.

ओढलेले म्हणजे काय? आधी काचेची पोकळ नळी ओढायची, मग ती कापायची. भोक आधीपासून आहेच, ते नळीचं पोट. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला हे मणी होत, आणि तसे मणी आग्नेय आशियापासून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सापडतात. अभ्यासक त्यांना इंडो-पॅसिफिक मणी म्हणतात. ही कला आंध्रातल्या पापानायडुपेटला टिकली. लोखंडी लांब नळी असते, तिला 'लाडा' म्हणतात. तिच्या टोकावर वितळलेल्या काचेचा मोठा शंकू चढवतात, त्यात आतून भोक पाडतात आणि लाडा भट्टीत ठेवून पुढच्या बाजूने काच आकड्याने पकडून ओढायला सुरुवात करतात. एकदा धार लागली की ओढणारा तास न् तास नुसत्या हातांनी ओढत राहतो. ओढण्याचा वेग बदलला की नळीची जाडी बदलली, म्हणजे सगळं कौशल्य त्याच्या हातात. नंतर नळीचे तुकडे, मग राखेत घोळवून पुन्हा आच, म्हणजे कापलेल्या कडा गोल होतात. भोक बुजू नये म्हणून राख.

पटवेकर_धुळे | बुधवार, सकाळी ९.००

थांबा थांबा. म्हणजे तारेवर गुंडाळा, नाहीतर पोकळ नळी ओढा. मणी करायची पद्धत म्हणजे खरं तर भोक कसं राखायचं याचीच पद्धत झाली की! आणि मी आयुष्यभर हेच सांगतोय तर लोक म्हणतात पटवेकराला भोकापलीकडे काही दिसत नाही.

शिरपूरची_लेक (सध्या पुणे) | बुधवार, सकाळी ९.२५

दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. बोहेमियात, आताच्या चेकियात, तापलेली कांडी साच्यात दाबतात आणि त्याच वेळी सुई आरपार जाते. मुरानोत वितळलेल्या काचेत हवेचा बुडबुडा धरतात आणि दोघं जण दोन टोकं पकडून विरुद्ध दिशांना चालत सुटतात, बुडबुड्याची लांबच लांब नळी होते. तुमच्या पोतीचे कारखान्याचे मणीही नळीच कापून होतात, फक्त ओढायला यंत्र. गुजरातेतल्या खंबातचे अकीकवाले दगडाला दोन्ही बाजूंनी गिरमिट लावतात. काचेलाही गिरमिट चालतं, पण तो मणी ओवणाऱ्याला नकोसा, कारण कडा कोऱ्या धारेच्या.

केळीबाग_रावेर | बुधवार, दुपारी ३.१५

आणि घाना राहिलं! तिथले क्रोबो लोक काचेची पूड करून मणी करतात. जुन्या बाटल्या कुटून चाळायच्या, मातीच्या साच्याच्या खळग्यांना आतून चिनी मातीचा हात द्यायचा, पूड भरायची आणि मधोमध कसावाच्या (साबुदाण्याचा कंद) पानाचा देठ उभा रोवायचा. भट्टीत पूड एकजीव होते, देठ जळून जातो आणि भोक तयार! काही मण्यांना गरम असतानाच अणकुचीदार सळीने भोक पाडतात आणि साच्यात फिरवून गोल करतात. नंतर वाळू-पाणी घालून दगडावर घासतात.

मला वाटतं आपल्यासाठी हीच बरी. टॉर्च नको, ऑक्सिजन नको. कासाराकडे फुटक्या बांगड्यांचं पोतं पडून असतं. कसावा नसला तरी एरंडाचा देठ, तुरीची काडी काहीही चालेल.

केमिस्ट्रीवाले_सर, जळगाव | बुधवार, सायंकाळी ५.४०

पद्धत सुंदर आहे, पण घाई करू नका. कुटताना आणि चाळताना उडणारी काचपूड फुप्फुसात जाऊ देऊ नये. साधा रुमाल उपयोगाचा नाही, एन-९५ लावा, कुटताना पाणी मारा. बांगड्यांवरची चमकी, सोनेरी रंग, लाख, प्लॅस्टिकचा लेप हे सगळं तापून धूर करतं. लाल-पिवळ्या काचेत कॅडमियम, सेलेनियम असू शकतं. साध्या एकरंगी काचेच्या बांगड्या निवडा, धुवा, आणि एका साच्यात एकाच रंगाच्या, एकाच गठ्ठ्यातल्या घाला. वेगळ्या कारखान्याची काच वेगळी आकसते.

दोन काचा जुळतात का हे बघायची जुनी रीत आहे. दोन्हींची टोकं शेजारी शेजारी चिकटवून वितळवायची आणि चिमट्याने बारीक तार ओढायची. गार झाल्यावर तार सरळ राहिली तर जमतं. वाकली तर नाही, आणि ज्या बाजूला वाकते ती काच जास्त आकसणारी.

शिवाय भट्टीला साधारण ८०० ते ८५० अंश लागतात. चुलीत होणार नाही.

केळीबाग_रावेर | बुधवार, सायंकाळी ६.०५

काळ्या बांगड्यांचं काय? त्या साध्याच असतात.

शिरपूरची_लेक (सध्या पुणे) | बुधवार, सायंकाळी ६.३०

काळी काच बहुधा काळी नसतेच. काळ्या कांडीची केसाएवढी तार ओढून उन्हात धरली की गर्द जांभळी दिसते, मँगेनीजमुळे. म्हणून पांढऱ्यावर काळं नक्षीकाम फार ताणलं की कडेला जांभळं फुटतं. कळल्यावर त्याचा मुद्दाम उपयोग करता येतो. तसंच हस्तिदंती रंगाच्या काचेवर फिरोजी टिंब दिलं की मधे आपोआप तपकिरी-काळी रेघ उमटते. एकात गंधक, दुसऱ्यात तांबं. सर, बरोबर ना?

केमिस्ट्रीवाले_सर, जळगाव | बुधवार, सायंकाळी ६.४५

बरोबर. कॉपर सल्फाइड. बारावीला हे असं शिकवता आलं असतं तर...

भुसावळचा_वेल्डर | बुधवार, रात्री १०.५०

सगळे मणी-मणी करताहेत, गॅसचं कुणी बोलेना. मी वेल्डिंगवाला, म्हणून सांगतो.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साठतो, वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. टाकी शेडच्या बाहेर उभी ठेवा, शेडमधे खाली जाळी ठेवा. घरचा लाल सिलिंडर धंद्याला वापरू नका, ते कायद्यातही बसत नाही. व्यावसायिक १९ किलोचा घ्या, सुरुवातीला ५ किलोचाही चालेल. ऑक्सिजनच्या चावीला, रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही, कधीच नाही. दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत नळीत उलटी शिरू न देणारी झडप, पाहिजेच. गॅसच्या जोडाचा आटा उलटा असतो आणि ऑक्सिजनचा सुलटा, म्हणून जबरदस्ती करून काही बसवायचं नाही.

तारेसाठी टिग वेल्डिंगच्या स्टेनलेस फिलर कांड्या घ्या, १.६ किंवा २.४ मिमी. कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात मिळतील. सायकलच्या आऱ्या कापून वापरतात म्हणे, पण आपल्याकडच्या बऱ्याच आऱ्या जस्ताचा मुलामा दिलेल्या असतात. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि रात्री हुडहुडी भरून ताप चढतो. आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

काचवेडी | गुरुवार, सकाळी ६.५५

भाऊ, बरं झालं सांगितलंत. आऱ्या कालच काढून ठेवल्या होत्या! ऑक्सिजनचं काय करू? टाकी भरायला दर वेळी जळगावला जावं लागेल.

शिरपूरची_लेक (सध्या पुणे) | गुरुवार, सकाळी ८.१०

लहान टॉर्चला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतो. २०२१च्या कोरोनाच्या लाटेनंतर कितीतरी घरांत ते पडून आहेत. हवेतूनच साधारण ९३ टक्के ऑक्सिजन काढतो, टाकीचा त्रास नाही. दाब कमी असतो, म्हणून कमी दाबावर चालणाराच टॉर्च घ्या. पण खान्देशासाठी एक अडचण आहे. हे यंत्र साधारण ४० अंशांपर्यंतच धड चालतं. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमधे ते मान टाकेल. उन्हाळ्यात पहाटे बसा, यंत्र घरात ठेवून नळी बाहेर काढा.

कूलरचा झोत टेबलावर येऊ देऊ नका, मणी एका अंगाने गार होऊन तडकतो. हवा मात्र खेळती हवी, टॉर्चच्या वर धूर ओढून घेणारा पंखा लावा. अंगात सुती कपडे, पदर खोचलेला, केस बांधलेले.

आणि चष्मा. काच तापली की सोडियममुळे पिवळाधमक भडका दिसतो आणि काम दिसत नाही. डिडिमियम काचेचा चष्मा तेवढा पिवळा गाळतो. साधा गॉगल फक्त अंधार करतो. बोरोसिलिकेट करायचं असेल तर वेगळी, गडद काच लागते.

स्वस्तमस्त | गुरुवार, सकाळी ९.४०

टॉर्च, चष्मा, कॉन्सन्ट्रेटर, भट्टी. मी म्हटलं होतं.

सातपुडा_पायथा, शहादा | गुरुवार, सकाळी ९.४५

भाऊ, तुम्ही मोबाइलला किती घातले?

चाळीसगावकर | गुरुवार, दुपारी १२.३०

भट्टीवरून सुचलं. जळगावच्या सराफ बाजाराच्या आसपास सोन्याचं ओतकाम करणारे आहेत. मेण वितळवून साचा भाजायला त्यांच्याकडे विजेची भट्टी असते, तापमान चढवायचं-उतरवायचं वेळापत्रक लावता येणारी. ५१० अंश तिला किरकोळ. अमळनेरलाही कुणी असेल. एखाद्या रात्री भाड्याने देईल का, विचारून तर बघा. मग निदान भट्टी लगेच विकत घ्यायला नको.

केमिस्ट्रीवाले_सर, जळगाव | गुरुवार, दुपारी २.००

उत्तम कल्पना. टॉर्चवरून काढलेले मणी तोवर गरम व्हर्मिक्युलाइटमध्ये किंवा सिरॅमिक ब्लँकेटच्या घडीत ठेवा, साठले की एकदम न्या. यात काही वाटेतच फुटतील, मोठे जास्त. म्हणून सुरुवातीला बोराच्या बीएवढेच करा. त्यात अंग लहान, ताण कमी. मधेच वीज गेली तर घाबरू नका, भट्टीचं दार उघडू नका, आतली ऊब सावकाशच उतरते. शंका वाटली तर दुसऱ्या दिवशी तेच वेळापत्रक पुन्हा लावा.

काचवेडी | गुरुवार, रात्री ९.१५

ठरलं. काचपुडीचे मणी पुढच्या वर्षी, आधी टॉर्च. एकाच कंपनीच्या १०४च्या कांड्या मागवते, फक्त पांढरी, फिरोजी आणि काळी. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक ओतकामवाले दादा आहेत, त्यांना आज विचारलं. म्हणाले, "रविवारी भट्टी रिकामी असते, पण माझ्या भट्टीत माती सांडायची नाही." उरलेले दिवाळीचे मणी आधी तिथे लावून बघते. सर, लॅपटॉप मुलाचा आहे, तेलाचं त्याला सांगितलेलं नाही.

भुसावळचा_वेल्डर | गुरुवार, रात्री ९.५०

त्या भट्ट्यांचं तोंड लहान असतं. मणी तारेसकटच आत जाणार, तेव्हा आतली खोली मोजून या, मगच फिलर कांड्या कापा. त्या मीटरभर लांब येतात. कापलेल्या टोकाची चर कानशीने घासा, नाहीतर लेप तिथेच सोलतो.

काचवेडी | गुरुवार, रात्री १०.०२

टेप घेऊन सकाळी जाते. पटवेकर दादा, पहिले मणी तुमच्याकडे दोऱ्याच्या परीक्षेला येतील.

पटवेकर_धुळे | गुरुवार, रात्री १०.१०

पाठवा. नापास झाले तर तोंडावर सांगेन.